नाडीवर तीन बोटं, नजर मात्र छातीवर

मावळात सोमाटणे फाट्यावरून आत वळलं की शिरगावचं साईमंदिर, म्हणजे प्रतिशिर्डी. गुरुवारी दर्शनाला गर्दी, त्यात ऊन आणि अनेकांचा उपवास. अशा रांगेत कुणाला भोवळ आली तर काय होतं? कुणी कांदा शोधतं, कुणी तोंडावर पाणी मारतं, कुणी पाण्याची बाटली थेट तोंडाला लावतं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षातली मुलगी तिथे असेल तर ती वेगळं वागेल. आधी गर्दी मागे सारेल, खांदे थोपटून मोठ्याने हाक मारेल, श्वास चालू आहे का पाहील, मग माणसाला आडवं झोपवून पाय थोडे उंच करेल. पुरती शुद्ध येईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही घालू देणार नाही, कारण बेशुद्ध माणसाच्या घशातलं पाणी सरळ श्वासनलिकेत जाऊ शकतं.

शुद्ध तपासण्याच्या तिच्याकडे चार पायऱ्या असतात: स्वतःहून जागा आहे, हाकेला ओ देतो, चिमटा काढल्यावर हलतो, कशालाच प्रतिसाद नाही. यंत्र लागत नाही, काही सेकंदांत काम होतं. रुग्णाची अशी प्राथमिक तपासणी आणि साधी शुश्रूषा हा नर्सिंगमधला सर्वांत सोपा धडा समजला जातो. माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे, आणि सर्वांत गमतीचाही.

श्वास मोजायचा, पण सांगायचं नाही

सिस्टर मनगट धरून घड्याळाकडे बघत उभ्या असतात. आपल्याला वाटतं, नाडीच बघतायत. अर्ध्या वेळेनंतर त्या नाडी मोजतच नसतात! मनगट तसंच धरून त्यांची नजर आपल्या छातीवर गेलेली असते. ‘तुमचा श्वास मोजते’ असं सांगितलं की माणूस नकळत श्वास बदलतो, म्हणून ही चोरी. मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० श्वास ठीक. नाडी ६० ते १००. म्हणजे साधारण एका श्वासामागे चार ठोके.

लहान मुलांत तर श्वासाच्या आकड्यावर जीव अवलंबून असतो. खोकला झालेलं बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल आणि मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असेल, दोन महिने ते एक वर्षाचं असून ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचं असून ४० किंवा जास्त, तर न्यूमोनियाचा संशय धरतात. अटी दोनच: बाळ शांत हवं आणि मोजणी पूर्ण मिनिटभर हवी. आई जेव्हा ‘बाळाचं पोट उडतंय’ म्हणते तेव्हा ती अचूक निरीक्षण सांगत असते. ते ऐकून लगेच बाळाचे कपडे वर करून बघणारी परिचारिका हुशार समजावी.

अंगठा बाजूला

नाडी तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेने बघतात. अंगठा लावत नाहीत, कारण अंगठ्याला स्वतःची ठसठशीत नाडी असते आणि रुग्णाऐवजी आपलीच मोजली जाण्याची भीती असते. आपल्याकडच्या वैद्यांचीही तीनच बोटं, वात-पित्त-कफासाठी. ‘योगरत्नाकर’ या ग्रंथात रुग्ण तपासण्याच्या आठ जागा सांगितल्या आहेत: नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृष्टी आणि आकृती. आजची विद्यार्थिनी वॉर्डात सकाळी याच आठांपैकी बहुतेक गोष्टी बघते. लघवीचा रंग, जिभेचा कोरडेपणा, आवाज खोल गेलाय का, अंग गरम की गार.

ठोके मिनिटाच्या हिशोबाने मोजण्यासाठी इंग्लंडच्या जॉन फ्लॉयर यांनी मिनिटभर चालणारं खास घड्याळ वापरलं आणि १७०७मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. परिचारिकेच्या घड्याळात सेकंदकाटा असावाच लागतो, तो याच कामासाठी. नाडी अडखळत असेल तर पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवलत रद्द. पूर्ण मिनिट मोजायचं.

ताप चढला की नाडीही वाढते, दर अंश फॅरनहाइटला साधारण दहा ठोक्यांनी. विषमज्वर, म्हणजे टायफॉइड, इथे अपवाद ठरू शकतो. ताप भरपूर आणि नाडी त्या मानाने संथ, असं टीपीआर शीटवर, म्हणजे ताप-नाडी-श्वासाच्या नोंदीच्या कागदावर, दिसलं की जुन्या सिस्टर डॉक्टरांचं लक्ष तिकडे वेधतात.

पाव तास काखेत थर्मामीटर

कार्ल वुंडरलिश या जर्मन डॉक्टरांनी सुमारे २५ हजार रुग्णांचा ताप पुन्हा पुन्हा मोजून १८६८मध्ये ग्रंथ लिहिला. ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.६ फॅरनहाइट, हा आकडा तिथूनच जगभर गेला. त्यांचं थर्मामीटर जवळजवळ फूटभर लांब होतं आणि काखेत पंधरा-वीस मिनिटं धरून बसावं लागे. त्याच सुमारास थॉमस ऑलबट यांनी सहा इंची थर्मामीटर आणलं आणि काम पाच मिनिटांवर आलं.

शरीराचं तापमान दिवसभर सारखं नसतं. पहाटे सर्वांत कमी, संध्याकाळी चार ते सहाच्या दरम्यान सर्वांत जास्त. म्हणून नोंदीत वेळ लिहिली नाही तर आकडा अर्धवट. काखेतला ताप तोंडातल्यापेक्षा साधारण एक अंश फॅरनहाइटने कमी भरतो, म्हणून जागाही लिहायची. आणि लोणावळ्याच्या पावसात गरम चहा घेऊन लगेच तोंडात थर्मामीटर धरलं तर खोटा ताप दिसेल. पंधरा-वीस मिनिटं थांबायचं.

बीपी घेताना गप्प बसा

दंडावर पट्टा बांधायची युक्ती इटलीच्या रिव्हा-रोच्ची यांची, १८९६ची. पण त्यांना नाडीवर बोट ठेवून वरचाच आकडा कळत असे. १९०५मध्ये रशियाच्या कोरोटकॉव्ह यांनी पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकला आणि खालचा आकडाही हाती आला. तो स्टेथोस्कोप स्वतः जन्मला १८१६मध्ये. पॅरिसच्या लाएनेक यांना तरुण रुग्ण स्त्रीच्या छातीला कान लावणं प्रशस्त वाटेना, म्हणून त्यांनी कागदाची गुंडाळी केली. संकोच राखण्यातून वैद्यकाला त्याचं सर्वांत ओळखीचं साधन मिळालं, ही गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याला सांगावी. पडदा ओढणं, अंग झाकणं, ‘काकू, जरा बाही वर करते हं’ असं विचारून हात लावणं हा तपासणीचाच भाग आहे.

बीपी फसवं असतं. घेताना बोलत राहिलं तर आकडा दहाएक अंकांनी चढू शकतो. लघवी तुंबली असेल, पायावर पाय असेल, हात अधांतरी असेल, तरीही चढतो. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की बीपी नसलेल्यालाही बीपी दिसतं. पाच मिनिटं शांत बसवणं, हात हृदयाच्या पातळीवर टेकवणं, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही, एवढं पाळलं तर आकड्यावर विश्वास ठेवता येतो.

मावळाचा इथे मानाचा वाटा आहे. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४मध्ये कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ नियतकालिक सुरू केलं. आसनांचे गुण नुसते सांगण्यापेक्षा त्यांनी आसनं चालू असतानाचा रक्तदाब मोजला, क्ष-किरणांनी शरीराच्या आत पाहिलं आणि निष्कर्ष छापले. शंभर वर्षांपूर्वी, शिरगावपासून तासाभराच्या अंतरावर!

मेंदी, नेलपॉलिश आणि बोटातली क्लिप

करोनाने घराघरांत नेलेल्या ऑक्सिमीटरमागचं तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४मध्ये मांडलं. गडद नेलपॉलिश, काळी मेंदी, गारठलेली बोटं यांनी त्याचा आकडा चुकू शकतो. हात चोळून गरम करा, बोट बदला. लग्नघरातून आलेल्या पेशंटच्या कानाच्या पाळीला लावायची वेगळी क्लिपही मिळते.

सोळा आण्यांतलं किती दुखतंय?

पुस्तक सांगतं, शून्य ते दहामध्ये दुखणं किती ते विचारा. पवन मावळातल्या एखाद्या आजीला हे विचारलं तर ती म्हणेल, ‘लई दुखतंय बया.’ पण फरक विचारला की उत्तर पटकन येतं: ‘आठ आणे बरं हाय.’ आण्यांचं चलन कधीच गेलं, दुखणं मोजायला ते अजून पक्कं आहे. विद्यार्थिनीने ते तसंच वापरावं, असं मला मनापासून वाटतं.

दुखण्याची जातही आजी नेमकी सांगते. गळवाचा ठणका, पोटातला मुरडा, कमरेतली चमक, छातीतली जळजळ आणि छातीवर ठेवलेला दगड या सगळ्या वेगवेगळ्या तक्रारी आहेत. शेवटची ऐकली तर बाकीचे प्रश्न मागे ठेवून लगेच डॉक्टरांना हाक मारायची. पुस्तक इंग्रजीत आणि पेशंट मराठीत, अशी आपली अवस्था आहे. म्हणून नोंदवहीत रुग्णाचे शब्द जसेच्या तसे उतरवायला शिकवलं पाहिजे.

त्वचेचंही असंच. परदेशी पुस्तकांतला ‘लालसरपणा’ आपल्या सावळ्या कातडीवर बऱ्याचदा दिसतच नाही. पांढुरकेपणा बघायचा तर खालची पापणी, जीभ, तळहात. निळसरपणा बघायचा तर ओठ आणि जिभेखाली. दबून खराब होऊ लागलेल्या जागी रंग शोधण्याऐवजी हात लावायचा. जागा आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा लिबलिबीत लागते.

भागोजींचं रोजचं ड्रेसिंग

प्रतिशिर्डीला येणाऱ्या अनेकांना ही कथा माहीत असते. हेमाडपंतांच्या साईसच्चरितात ती आहे. १९१०च्या दिवाळीच्या दिवसांत साईबाबांनी धुनीत हात घातला आणि तो भाजला. मुंबईचे डॉक्टर परमानंद औषधं घेऊन गेले, पण बाबांनी त्यांच्याकडून उपचार करून घेतले नाहीत. त्या हाताला रोज तूप चोळून, पान ठेवून पट्टी बांधायचे ते भागोजी शिंदे. भागोजींना स्वतःला कुष्ठरोग होता. ज्याला लोक शिवत नसत त्याच्याकडून बाबांनी रोजची सेवा घेतली, आणि तीही अखेरपर्यंत.

तुपाचा तो काळ होता. आज भाजल्यावर पहिला उपचार नळाचं वाहतं साधं पाणी, वीस मिनिटं. तूप नको, टूथपेस्ट नको, बर्फही नको. भागोजींकडून घ्यायचं ते सातत्य: ठरल्या वेळी, रोज, न कंटाळता.

केईएमचं अवघड यश

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची. माकडहाड, टाचा, खुबा, कोपरं, डोक्याची मागची बाजू रोज बघायची. चादरीला सुरकुती नको, ओल नको. पूर्वी स्पिरिट-पावडर लावून पाठ चोळत. हाडावरची लाल झालेली जागा चोळू नये, असं आता शिकवतात. सगळे नियम चार ओळींत संपतात. पाळायला किती कठीण आहेत, हे मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांना विचारावं. १९७३मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर त्यांच्या सहकारी अरुणा शानबाग ४२ वर्षं, २०१५पर्यंत, त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. पण इतक्या वर्षांत अरुणाताईंना बेडसोअर होऊ दिला नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयाच्या २०११च्या निकालातही आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक नर्सिंग कॉलेजात हा धडा पहिल्या आठवड्यात शिकवावा.

वॉर्डातलं पटापट

पलंगावरच्या रबरी शीटला वॉर्डात ‘मॅकिंटॉश’ म्हणतात. जलरोधक कापड करणाऱ्या चार्ल्स मॅकिंटॉश या स्कॉटिश रसायनतज्ज्ञाचं हे नाव. सलाईनच्या सुईचा आकडा वाढतो तशी सुई बारीक होते: हिरवी १८ नंबर, गुलाबी २०, निळी २२, बाळांची पिवळी २४. साध्या सेटमध्ये मिलिलिटरला २० थेंब, म्हणजे ५०० मिलिलिटरची बाटली चार तासांत संपवायची तर मिनिटाला सुमारे ४२. मायक्रो सेटमध्ये मिलिलिटरला ६० थेंब, त्यामुळे गणितच नाही: तासाला ३० मिलिलिटर हवं तर मिनिटाला ३० थेंब. बाळाची लघवी मोजायला ओल्या लंगोटाचं वजन करून त्यातून कोरड्याचं वजन वजा करतात. एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलिलिटर. नाकातून पोटात जाणारी नळी किती आत घालायची? नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत, ज्याच्या त्याच्या मापाने. साबणाने हात धुवायचे ४० ते ६० सेकंद.

तीन ते पंधरा

शिरगावच्या जवळून जुना मुंबई-पुणे महामार्ग आणि द्रुतगती मार्ग दोन्ही जातात, अपघाताची भीती असते, म्हणून हा आकडा इथल्या तरुणांनीही ओळखावा. डोक्याला मार लागलेल्याची शुद्ध मोजायची पट्टी ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४मध्ये दिली. डोळे उघडण्याला जास्तीत जास्त ४, बोलण्याला ५, हालचालीला ६ गुण. पूर्ण शुद्धीत १५, कमीत कमी ३. शून्य गुण कुणालाच नाहीत. आठ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर. एकदाच मोजून उपयोग नसतो. पंधराचे तेरा झाले तर ते वेळेत कळावं, म्हणून पुन्हा पुन्हा मोजायचं.

हे सगळं शिकायला एकेकाळी मुली मिळत नसत. रमाबाई रानडे यांनी १९०९मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि पुढे ससून रुग्णालयात मुलींच्या परिचर्या-शिक्षणाची सोय केली, तेव्हा परक्या पुरुषांची शुश्रूषा करायची या कल्पनेनेच घरं हादरत होती. आज मावळातल्या वाड्या-वस्त्यांतल्या मुली आणि मुलगेही एएनएम, जीएनएम, बीएस्सी नर्सिंगला जातात.

वाचकांना एवढीच विनंती. १०८ नंबर फोनमध्ये आत्ताच साठवून ठेवा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४पासून मोफत आहे. अपघातग्रस्ताची मान हलवू नका. घरात कुणी अंथरुणाला असेल तर दोन तासांचा गजर लावा. आणि नर्सिंगची एखादी मुलगी तुमचं मनगट धरून बराच वेळ उभी राहिली तर बोलू नका, ती मोजते आहे.