फी माफ झाली, पण पोरीचा पास?

कल्याणला आमच्या सोसायटीत मी निवृत्त सिस्टर म्हणून सगळ्यांना माहीत. बारावीचा निकाल लागला की मुली आईला घेऊन येतात. पहिला प्रश्न फीचाच असतो.

त्यांना मी सांगते, जुलै 2024 पासून चित्र बदललंय. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, बी.एस्सी. नर्सिंगला लागलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकार पूर्ण भरतं. आधी निम्मीच माफ होती. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला, तर हे मिळत नाही. अनुसूचित जातीच्या मुलींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती वेगळी आहे, तिची मर्यादा अडीच लाख. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा.

पण फी म्हणजे सगळा खर्च नव्हे. टिटवाळ्याची मुलगी सकाळच्या ड्यूटीसाठी अंधारात घर सोडते. लोकलचा पास, युनिफॉर्म, बूट, डबा हे सगळं घरच्यांनाच पेलावं लागतं. शिकतानाच ती वॉर्डात पेशंटचं अंग पुसते, बीपी घेते. इंटर्न डॉक्टरला विद्यावेतन मिळतं, तसं प्रत्येक शिकाऊ नर्सलाही मिळालंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

तोवर आयांनो, एक करा. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आताच काढा, मुलीचं बँक खातं आधारशी जोडून घ्या. प्रवेशाच्या गर्दीत तेवढ्यासाठी अर्ज अडकायला नको.