मुलाखत : येताना सलाम, जाताना सलाम

पदवी आहे, संगणकाचे प्रमाणपत्र आहे, तरी मुलाखतीतून रिकाम्या हाताने परतलो, अशी तक्रार आपल्या तरुणांकडून आम्ही वारंवार ऐकतो. प्रश्नांची उत्तरे त्यांनी पाठ केलेली असतात. आत कसे शिरावे आणि बाहेर कसे पडावे, याची तयारी मात्र नसते.

केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून आपल्या कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद केल्या. त्यामुळे नांदेड-लातूरच्या तरुणाची गाठ पडते ती बहुधा खासगी मालकाशी : लातूरची डाळ मिल, आडत दुकान, शिकवणी वर्ग किंवा नांदेडचे रुग्णालय, शोरूम. मालकाला गिऱ्हाइकाशी नीट बोलणारा माणूस हवा असतो. तो तसा आहे की नाही, हे पहिल्या आणि शेवटच्या मिनिटात बरेचसे कळते.

आधी प्रवेश पाहू. परवानगी घेतल्याशिवाय व सलाम केल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरू नये, अशी शिकवण कुरआनच्या सूरह नूरमध्ये (आयत २७) आहे. कार्यालयालाही तोच नियम लावावा. दारावर हलकेच टकटक करून ‘आत येऊ का, सर?’ असे विचारावे. समोरच्याला समजेल असे अभिवादन करावे. ‘नमस्कार’ किंवा ‘आदाब’ पुरे. आपण होऊन हात पुढे करू नये. हस्तांदोलन नको असलेल्या भगिनींनी छातीशी हात नेऊन नम्रपणे अभिवादन करावे. ‘बसा’ म्हटल्यावर बसावे. मग नाव, गाव, शिक्षण आणि या कामाचा अनुभव चार वाक्यांत सांगावा. घरी दखनी बोलणाऱ्या व उर्दू माध्यमात शिकलेल्या मुलांनी ही चार वाक्ये मराठीत मोठ्याने म्हणून सराव करावा. पहिले वाक्य अडखळले नाही की पुढची भीती निम्मी कमी होते.

आता निरोप. सभेत येताना सलाम करावा आणि उठून जातानाही करावा. पहिल्या सलामाचा हक्क दुसऱ्याहून अधिक नाही, या आशयाची हदीस अबू दाऊद व तिरमिजी यांच्या संग्रहांत आहे. आपली मुले नेमकी इथेच चुकतात. साहेबांनी फाइल मिटली की कोणी तसेच बसून राहतो, कोणी घरची गरिबी सांगून गयावया करतो. गरज सगळ्यांनाच असते, नोकरी मिळते ती कामाच्या भरवशावर.

काही विचारायचे आहे का, असे साहेबांनी म्हटले तर कामाच्या वेळा व पगार यांविषयी जरूर विचारावे. जुम्याच्या नमाजचेही तेव्हाच मोकळेपणाने सांगावे : ‘शुक्रवारी दुपारी नमाजला जावे लागेल, तेवढा वेळ संध्याकाळी भरून देईन.’ नोकरी लागल्यावर कुरबुर होण्यापेक्षा हे बरे. शेवटी ‘वेळ दिल्याबद्दल आभारी आहे. निर्णय कधीपर्यंत कळेल?’ असे विचारून कागद आवरावेत, खुर्ची आवाज न करता सरकवावी आणि सर्वांचा निरोप घ्यावा. बाहेरच्या शिपायालाही विसरू नये.

सांगितलेली तारीख उलटल्यावर एकदाच फोन करावा. नकार आला तरी आभारच मानावेत. नांदेड-लातूरचा बाजार एवढा मोठा नाही की माणसे पुन्हा भेटणार नाहीत. आज नाही म्हणणारा मालक हंगामात माणूस कमी पडला की, इन्शाअल्लाह, अदबीने निरोप घेतलेल्यालाच आधी आठवेल.