दीड किलोचा डबा आणि १०० इंची पडदा : घराचं थिएटर करणारा लेसर प्रोजेक्टर नेमका चालतो कसा?

५५ इंची टीव्ही भिंतीवर लावायचा तर ड्रिल मशीन, दोन माणसं आणि भाड्याचं घर असेल तर घरमालकाची परवानगी लागते. १०० इंची टीव्ही घ्यायचा झाला तर तो आधी लिफ्टमध्ये मावतो का, हे बघावं लागतं. आणि इकडे रील्समध्ये एक डबा फिरत असतो. जेवणाच्या डब्याहून थोडा मोठा. टेबलावर ठेवला, बटण दाबलं की समोरच्या भिंतीवर अख्खं थिएटर उभं. चित्र लखलखीत, रंग जिवंत आणि वर हॉलमधले दिवेही चालूच.

चांगल्या लेसर प्रोजेक्टरची किंमत लाखाच्या आसपास किंवा त्याहून वर जाते. त्यामुळे बरेच जण रील बघून ऑर्डर करतात आणि पहिल्याच संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात भिंतीवर उमटलेलं फिकट, धुरकट चित्र बघून हिरमुसतात. डबा खराब नसतो. तो काय करू शकतो आणि काय नाही, हे त्या रीलमध्ये कुणी सांगितलेलं नसतं.

प्रश्न कायम दिव्याचाच होता

जत्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ठिणगी पेटवून पडद्यावर उजेड पाडला जायचा. ऑपरेटरला त्या कांड्यांवर सतत लक्ष ठेवावं लागे, कारण त्या जळून आखूड व्हायच्या. पुढे थिएटरमध्ये झेनॉनचे दिवे आले. ऑफिसात आणि शाळा-कॉलेजात जे प्रोजेक्टर दिसले, त्यांत पाऱ्याच्या वाफेचा दिवा असायचा. हा दिवा साधारण ३ ते ५ हजार तास चालतो, तापतो आणि बदलायचा झाला की खिशाला चटका देतो.

लेसरने हा दिवाच काढून टाकला. पण ते एवढं सोपं नव्हतं. पडद्यावर सगळे रंग दाखवायला लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही प्रकाश लागतात. लाल लेसर डायोड आधीपासून होता. निळ्यासाठी गॅलियम नायट्राइड नावाचं पदार्थविज्ञान्यांना छळणारं द्रव्य हाताळावं लागलं. याच द्रव्यातून निळा एलईडी देणाऱ्या इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांतल्या नाकामुरांनी नव्वदच्या दशकात निळा लेसर डायोडही करून दाखवला. खरा हिरवा लेसर डायोड मात्र सगळ्यात शेवटी, २००९ च्या सुमारास हाती आला.

म्हणूनच बाजारात दोन जातींचे लेसर प्रोजेक्टर दिसतात. एका जातीत लेसर फक्त निळा असतो. तो फॉस्फरच्या फिरत्या चकतीवर आदळतो, त्यातून पिवळा प्रकाश निघतो आणि त्यातून बाकीचे रंग वेगळे काढतात. दुसऱ्या जातीत तिन्ही लेसर स्वतंत्र असतात. त्याला ट्रिपल लेसर किंवा आरजीबी लेसर म्हणतात. यातले रंग जास्त गडद आणि शुद्ध दिसतात, डबाही आटोपशीर होतो. पण त्याची एक खोड आहे. लेसरचा प्रकाश भिंतीवर पडला की एकसारख्या पांढऱ्या किंवा निळ्या भागावर बारीक रव्यासारखी चमचम दिसते. तिला स्पेकल म्हणतात. काहींना ती कधीच जाणवत नाही, तर काहींना एकदा दिसली की दिसतच राहते. दुकानात डेमो बघायला जायचं ते यासाठी.

दोन्ही जातींवर ‘२० हजार तास आयुष्य’ असं लिहिलेलं असतं. रोज चार तास लावला तर हे जवळपास १४ वर्षं होतात. पण इथे एक मेख आहे. हा आकडा बहुधा उजेड निम्म्यावर येईपर्यंतचा असतो. शिवाय लेसर गेला तर बल्बसारखा घरी बदलता येत नाही.

नखाएवढ्या चिपवर २० लाख आरसे

उजेड झाला, आता चित्र. या आकाराच्या बहुतेक प्रोजेक्टरांत डीएलपी चिप असते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये तिचा शोध लावला आणि २०१५ मध्ये त्यासाठी त्यांना ऑस्करही मिळालं. अभिनय नाही, दिग्दर्शन नाही, आरशांसाठी ऑस्कर!

या चिपवर लाखो सूक्ष्म आरसे असतात. प्रत्येक आरसा एका ठिपक्याचा मालक. तो एका बाजूला कलला की प्रकाश लेन्सकडे जातो, दुसरीकडे कलला की आतच जिरतो. सेकंदाला हजारो वेळा ही उघडझाप चालते. आरसा जितका जास्त वेळ लेन्सकडे तोंड करून राहील, तितका तो ठिपका उजळ दिसतो. लाल, हिरवा, निळा हे रंग एकामागोमाग एक टाकले जातात आणि त्यांची मिसळ आपल्या डोळ्यात होते. नजर झटकन फिरवली की काहींना मिसळ व्हायच्या आधीचे सुटे रंग दिसतात. त्यालाच इंद्रधनुष्य परिणाम म्हणतात.

आता फोर-केची गंमत. फोर-के म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४०० ठिपके. पण छोट्या डब्यांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ०.४७ इंची चिपवर आरसे असतात २० लाख ७३ हजार ६००, म्हणजे बरोबर एक चतुर्थांश. मग उरलेले येतात कुठून? चिपसमोरची एक काच अर्ध्या ठिपक्याएवढी हलते आणि तेच आरसे चार वेगवेगळ्या जागी चार ठिपके टाकतात. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर हे काम २४० वेळा करावं लागतं. याला फसवणूक म्हणता येत नाही, कारण चारही ठिपके खरोखर वेगळे पडतात. फक्त ते एकाच क्षणी पडत नाहीत. सोफ्यावर बसलेल्या माणसाला हा फरक कळणं अवघड आहे.

लुमेनचा आकडा आणि ट्यूबलाइट

खरा गोंधळ इथे होतो. प्रोजेक्टर किती उजेड फेकतो हे लुमेनमध्ये मोजतात. भरवशाची पद्धत म्हणजे एएनएसआय लुमेन : पडद्याचे नऊ सारखे भाग करायचे, प्रत्येकाच्या मध्यावर उजेड मोजायचा आणि सरासरी काढून क्षेत्रफळाने गुणायचं. ऑनलाइन सेलमध्ये पाच-सात हजारांच्या डब्यावर जे ‘१०,००० लुमेन’ छापलेलं असतं, त्याचा या मोजणीशी काडीचा संबंध नसतो. नुसतं ‘लुमेन’ किंवा ‘एलईडी लुमेन’ लिहिलं असेल तर तो आकडा बाजूला ठेवलेला बरा.

एक खरं उदाहरण घेऊ. एलजीचा सिनेबीम क्यू हा २०२४ मध्ये बाजारात आलेला तीन लेसरचा प्रोजेक्टर. वजन १.४९ किलो, फोर-के चित्र आणि उजेड ५०० एएनएसआय लुमेन. पाचशे ऐकून नाक मुरडलं जातं. पण गणित वेगळंच सांगतं. १०० इंची पडदा म्हणजे सुमारे २.२१ मीटर रुंद आणि १.२५ मीटर उंच, क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर. त्यावर ५०० लुमेन पसरले की प्रत्येक चौरस मीटरला साधारण १८० लक्स मिळतात. साध्या पांढऱ्या पडद्यावर याची चमक भरते सुमारे ५८ निट. डिजिटल सिनेमा थिएटरचं प्रमाण आहे ४८ निट! म्हणजे कागदावर तरी हा दीड किलोचा डबा अंधाऱ्या खोलीत थिएटरची बरोबरी करतो.

आता ट्यूबलाइट लावा. भिंतीवर तिचा उजेड १०० लक्स धरू. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. काळा म्हणजे तिथे प्रकाश न टाकणं, एवढंच त्याच्या हातात असतं. त्यामुळे चित्रातला काळा भाग १०० लक्सने उजळतो आणि पांढरा भाग २८० लक्सने. फरक फक्त पावणेतीनपट. नायकाचा काळा कोट राखाडी आणि रात्रीचा सीन धुक्यासारखा दिसतो तो यामुळे. यावर उपाय म्हणून चौपट उजेडाचा, २००० लुमेनचा प्रोजेक्टर आणला तरी हा फरक आठपटीच्या आसपास अडकतो. आणि दिवा बंद केला, तर? स्वस्त प्रोजेक्टरसुद्धा त्याच्या कैक पट पुढे जातो.

म्हणून ज्या घरात जाड पडदे नाहीत आणि संध्याकाळी हॉलमध्ये मुलांचा अभ्यास, आजींची मालिका आणि स्वयंपाकघरातला उजेड एकत्रच नांदतो, तिथे त्याच पैशातला मोठा टीव्ही जास्त शहाणपणाचा ठरतो. दोन हजारांचे जाड पडदे चित्रात जो फरक पाडतात, तो कधीकधी पन्नास हजार जास्त मोजूनही पडत नाही. ही गोष्ट जाहिरातीत येणार नाही, हे उघड आहे.

गेमर्ससाठी २४० चा आकडा

गेमिंग म्हटलं की खोक्यावर ‘२४० हर्ट्झ’ लिहिलेलं असतं. हा आकडा वर सांगितलेल्या आरशांमधूनच येतो. चिप चित्राचे चार तुकडे सेकंदाला २४० वेळा टाकतेच आहे. काच हलवणं थांबवलं की तीच चिप फुल एचडीची २४० स्वतंत्र चित्रं दाखवू शकते. म्हणजे २४० हर्ट्झ आणि फोर-के एकाच वेळी मिळत नाहीत. ६० हर्ट्झला एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंद टिकतं, २४० ला ४.२. बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा वेळ त्यामुळे कमी होतो.

पण प्लेस्टेशन ५ जास्तीत जास्त १२० हर्ट्झ देतो. त्याच्या मालकाने २४० साठी जादा पैसे मोजले तर ते वाया जातात. ते काम पीसीवाल्यांचं. आणि सगळ्यात मोठा उशीर होतो तो भलतीकडेच. प्रोजेक्टर तिरका ठेवून चित्र सॉफ्टवेअरने सरळ केलं, म्हणजे किस्टोन वापरलं, की काही ठिपके वाया जातात आणि प्रक्रियेत वेळही जातो. हालचाल गुळगुळीत करणाऱ्या सेटिंगचंही तसंच. डबा भिंतीसमोर सरळ ठेवणं आणि गेम मोड चालू करणं, याला एक रुपयाही लागत नाही.

‘लेसर’ म्हणजे डोळ्यांना धोका?

हा प्रश्न महाराष्ट्रात रास्तच आहे. २०२३ च्या गणपती विसर्जन मिरवणुकांनंतर लेसर बीममुळे डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आल्या होत्या, आणि पुढच्या वर्षी पुण्यासह काही ठिकाणी अशा बीमवर बंदी आली. मिरवणुकीतला बीम सुईसारखा बारीक राहतो आणि सगळी ताकद एका बिंदूवर ओततो. प्रोजेक्टरमध्ये लेसरचा प्रकाश आधी पसरवून, मग चिपवरून बाहेर येतो. भिंतीवरचं चित्र बघण्यात त्यामुळे धोका नाही.

लेन्समध्ये डोकावणं मात्र वेगळी गोष्ट. लेन्सजवळ तो प्रकाश अजून दाट असतो. घरगुती प्रोजेक्टर बहुधा ‘रिस्क ग्रुप’ १ किंवा २ मध्ये येतात. दोन म्हणजे चुकून नजर गेली तर डोळे आपोआप मिटतात म्हणून इजा टळते. टक लावून बघणं यात धरलेलं नाही. आणि लहान मूल नेमकं तेच करतं. काही प्रोजेक्टरांत समोर कुणी आलं की उजेड कमी करणारा सेन्सर असतो, पण त्याच्या भरवशावर रांगतं बाळ सोडू नये. भिंतीला चिकटून बुटक्या कपाटावर ठेवायचे अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर तर बरोबर मुलांच्या उंचीवर येतात.

बाकी बाबी हिशेबाच्या. खोक्यावर ‘थ्रो रेशो १.२’ असेल तर १०० इंची चित्रासाठी डबा भिंतीपासून २.६५ मीटर, म्हणजे पावणेनऊ फूट दूर लागतो. दहा बाय दहाच्या खोलीत तो सोफ्याच्या डोक्यावरच येईल. छोट्या डब्यातला स्पीकर छोटाच असतो, त्यामुळे साउंडबारचे पैसे वेगळे धरावेत. काही मॉडेलांत नेटफ्लिक्स थेट चालत नाही आणि वेगळी एचडीएमआय स्टिक लावावी लागते. त्यातल्या त्यात दिलासा म्हणजे प्रोजेक्टरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्यातून वाचलेल्या पैशात साउंडबार नाही, तरी जाड पडदे नक्की येतात.