अंतराळातलं राज्य आणि तुमसरचं मँगनीज

बालमित्रांनो, समजा एक अख्खा ग्रह तुमच्या ताब्यात दिला, सोबत दोन-चार यानं दिली आणि म्हटलं, ‘चला, आता राज्य वाढवा!’ तर पहिलं काम कोणतं कराल? तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील, ‘लढाई!’ पण थांबा. लढाईला निघालेला राजा या खेळात बहुधा लवकर हरतो, बरं का!

अंतराळातलं साम्राज्य उभारण्याचे संगणकावरचे खेळ तुमच्यातल्या काहींना ठाऊक असतील. १९९३ सालचा ‘मास्टर ऑफ ओरायन’ हा त्यातला जुना, गाजलेला खेळ. २०१६ साली स्वीडनमधल्या कंपनीनं काढलेला ‘स्टेलारिस’ हा अलीकडचा. अशा खेळांत चार कामं असतात : शोधायचं, पसरायचं, साधनं वापरायची आणि शत्रूला संपवायचं. यातलं पहिलं काम नीट केलं नाही, तर पुढची तिन्ही फसतात.

आधी पाहणी

‘स्टेलारिस’मध्ये तुमच्याकडे सुरुवातीला एक विज्ञाननौका असते. ती एकेका ताऱ्याजवळ जाऊन तिथल्या ग्रहांची पाहणी करते. कुठे खनिज सापडतं, कुठे ऊर्जा, कुठे नुसतेच दगड. पाहणी झाल्याशिवाय तिथे ठाणं उभारता येत नाही. खाण काढली की खनिज मिळतं, पण ती चालवायला दर महिन्याला ऊर्जा लागते. ग्रहावर वस्ती केली की अन्न लागतं. हावरटपणानं एकदम दहा ठाणी उभारली, की तिजोरी रिकामी होते आणि राज्य डगमगतं. म्हणजे हा खेळ खरा तर जमाखर्चाचा! घरी महिन्याच्या पगारात सगळं बसवताना आई जी कसरत करते, तीच इथं अंतराळात करायची.

खरीखुरी विज्ञाननौका

आता खेळातून बाहेर येऊ. आपल्या देशाचीही अशी नौका चंद्रावर गेली होती. चंद्रयान-३ हे यान १४ जुलै २०२३ रोजी निघालं आणि २३ ऑगस्टला ‘विक्रम’ चंद्रावर अलगद उतरला. अमेरिकेचं अपोलो-११ हे यान १९६९ मध्ये चार दिवसांत चंद्रावर उतरलं होतं. मग आपल्याला चाळीस दिवस का लागले? कारण आपलं रॉकेट लहान होतं. यानानं पृथ्वीभोवती मोठमोठ्या फेऱ्या मारत, हळूहळू वेग वाढवत चंद्र गाठला. वेळ जास्त गेला, पण रॉकेट लहान असूनही काम झालं. याला म्हणतात हिशेबी राजा!

विक्रमच्या पोटातून ‘प्रज्ञान’ ही २६ किलो वजनाची गाडी उतरली. तिनं लेसर किरणांनी तिथली माती तपासली. गंधक, लोह, ॲल्युमिनियम, कॅल्शियम अशी मूलद्रव्यं सापडली. आणि आणखी एक सापडलं : मँगनीज!

काय, नाव ओळखीचं वाटलं ना? आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या मुलांना तर वाटायलाच हवं. तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथल्या खाणींतून हेच मँगनीज निघतं. चिखल्याची खाण जमिनीच्या पोटात आहे, तर डोंगरी बुजुर्गची उघडी. पोलाद बळकट करायला मँगनीज लागतं. डोंगरी बुजुर्गचं खनिज तर विजेरीच्या कोरड्या सेलसाठीही वापरतात.

मग चंद्रावरही खाण काढायची का? हिशेब करू. १९६९ ते १९७२ या काळात अमेरिकेची माणसं सहा वेळा चंद्रावर उतरली. सहाही खेपांत मिळून आणलेले दगड-माती ३८२ किलो! आपल्याकडच्या ट्रॅक्टरची ट्रॉलीसुद्धा त्यानं भरणार नाही. चंद्रावरून मँगनीज आणणं परवडायचं नाही. तिथलं खरं मोलाचं साधन आहे पाणी. चंद्रावर पाण्याचा अंश असल्याचा पुरावा २००९ मध्ये जाहीर झाला, तो आपल्याच चंद्रयान-१ वरच्या उपकरणामुळे. पाण्यापासून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करता येतात. म्हणजे श्वासाला हवा आणि रॉकेटला इंधन, दोन्ही तिथल्या तिथे.

ग्रहावर कोण राहतं?

खेळात एक गोष्ट मात्र सहसा दिसत नाही. खनिज निघतं, आकडा वाढतो, आपण खूश होतो. त्या ग्रहाचं पुढे काय झालं, हे कोण विचारतं?

आपल्या भागाला हा प्रश्न नवा नाही. इथलं मँगनीज शोधायला १८९६ मध्ये एक ब्रिटिश कंपनी आली. साम्राज्य त्यांचं आणि ‘ग्रह’ आपला! इथल्या मजुरांनी खणलेलं खनिज जहाजांत भरून परदेशी कारखान्यांकडे जाई. स्वातंत्र्यानंतर, १९६२ मध्ये, सरकारनं त्या खाणी घेऊन ‘मॉइल’ ही कंपनी स्थापन केली. १९७७ मध्ये ब्रिटिश कंपनीचा उरलेला हिस्साही सरकारनं घेतला. जमिनीखालच्या खाणीत आता खनिज काढून झालेली पोकळी वाळूनं भरतात, म्हणजे वरची जमीन खचू नये. चंद्राबद्दल १९६७ च्या आंतरराष्ट्रीय करारात ठरलंय, की कोणताही देश त्यावर मालकी सांगू शकत नाही. पण तिथली साधनं कुणी आणि किती वापरायची, यावर अजून सगळ्या देशांचं एकमत नाही.

मँगनीज एकदा काढलं की संपलं. पण आपल्याच जिल्ह्यात दुसरंही एक साधन आहे, दरवर्षी पुन्हा भरणारं. ते म्हणजे आपले मामा तलाव! हा मामा आईचा भाऊ नव्हे. ‘माजी मालगुजारी’ तलाव म्हणून मामा तलाव. शेकडो वर्षांपूर्वी गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजातल्या जाणकारांनी जमिनीचा उतार पाहून, पाळी बांधून हे तलाव उभे केले. पाऊस पडला की तलाव भरतो आणि खालच्या बांध्यांमधलं धान पिकतं. त्यांनीही आधी पाहणीच केली होती. फक्त आपल्यानंतरच्या माणसांचाही हिशेब धरला होता. मात्र गाळ काढला नाही, तर हेही साधन आटत जातं, हे लक्षात ठेवा.

करून पाहा

संगणक नसला तरी चालेल. कागदावर १२ गोल काढा. ४ चिठ्ठ्यांवर ‘खाण’, ४ वर ‘तलाव’ आणि ४ वर ‘ओसाड’ लिहा. चिठ्ठ्या घडी करून, मिसळून एकेका गोलावर ठेवा. प्रत्येक खेळाडूला १२ चिंचोके द्या. उरलेले चिंचोके वाटीत ठेवा.

आपल्या पाळीत एकच काम करायचं. एक तर १ चिंचोका वाटीत टाकून एक चिठ्ठी गुपचूप पाहायची, किंवा ४ चिंचोके टाकून ग्रहावर वस्ती करायची. वस्ती केली की चिठ्ठी सर्वांना दाखवा. पुढच्या प्रत्येक पाळीला खाण २ चिंचोके देते, पण १० दिले की ती संपते. तलाव दर पाळीला १ देतो आणि कधीच संपत नाही. ओसाड ग्रह काहीच देत नाही.

एक डाव ८ फेऱ्यांचा खेळा आणि एक २० फेऱ्यांचा. दोन्ही डावांत कोण जिंकलं, खाणवाला की तलाववाला, ते वहीत लिहून ठेवा.

पालकहो, हा डाव तुम्हीही मुलांबरोबर खेळा. आणि संगणकावरचा खेळ चालू असेल, तर नुसतं ‘बंद कर’ म्हणण्याऐवजी एकदा शेजारी बसून विचारा, ‘तुझ्या राज्यात काय शिल्लक आहे, आणि ते किती दिवस पुरेल?’