पंख कुठे जोडायचे?

आमच्या शेजारी अकरावीत शिकणारी एक मुलगी राहते. मोठेपणी अद्भुतकथांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढायची, असे तिने ठरवून टाकले आहे. राक्षस, यक्ष, उडते घोडे, आग ओकणारे सर्प हा तिचा रोजचा गोतावळा! सरावासाठी तिने एक नेम धरला आहे. इंटरनेटवर चित्रकारांच्या एका मंडळात दर सोमवारी एक विषय जाहीर होतो. रविवारी रात्रीपर्यंत चित्र पूर्ण करून सर्वांसमोर ठेवायचे. बक्षीस काही नाही. कोणी कौतुक करते, कोणी चूक दाखवते आणि सोमवारी नवा विषय येतो.

एका आठवड्याचा विषय होता ‘पंखांचा घोडा’. तिने मोठ्या मेहनतीने चित्र काढले. त्यावर एका अनोळखी चित्रकाराने एवढेच लिहिले, की घोडा छान आहे, पंखही छान आहेत, पण ते पंख त्या घोड्याचे वाटत नाहीत. ती हिरमुसली आणि वही घेऊन माझ्याकडे आली.

“काका, जो प्राणी जगात नाहीच, तो चुकीचा कसा असेल?”

प्रश्न बिनतोड होता. मी विज्ञानाचा शिक्षक. चित्रकलेत मला फारशी गती नाही. पण चित्र पाहिल्याबरोबर मलाही ते खटकले. पाठीवर खोगीर ठेवावे तसे पंख ठेवले होते. घोडा उधळला असता तर ते खाली पडले असते!

विद्यार्थी मित्रांनो, आपला एक हात खांद्यापासून चाचपून पाहा. दंडात एक हाड, कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे, मग मनगटातील छोटी हाडे आणि शेवटी बोटे. आता स्वयंपाकघरात जा. तुमच्या घरी कोंबडी शिजत असेल तर तिचा पंख मागून घ्या. तेथेही वर एक हाड, मग दोन हाडे आणि टोकाला एकमेकांत मिसळून गेलेली तीन बोटे दिसतील. वटवाघळाने तर चार बोटे छत्रीच्या काड्यांसारखी लांबवून त्यांवर कातडे ताणले आहे. अंगठा तेवढा मोकळा. घोड्याच्या पुढच्या पायात जो ‘गुडघा’ म्हणून आपण दाखवतो, ते खरे म्हणजे त्याचे मनगट होय. मागच्या पायाचा उलटा वाकलेला सांधा म्हणजे घोटा. घोडा प्रत्येक पायाच्या एकेका बोटावर उभा असतो आणि खूर हे त्या बोटाचे नख असते.

हे साम्य नव्याने कळलेले नाही. पिएर बेलाँ या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने 1555 मध्ये पक्ष्यांवरील आपल्या ग्रंथात माणसाचा सांगाडा आणि पक्ष्याचा सांगाडा शेजारी-शेजारी छापला होता. दोहोंतील जुळणाऱ्या हाडांना त्याने तीच अक्षरे दिली होती. या सर्वांचे पूर्वज एकच होते म्हणून हाडांची मांडणी सारखी, हा उलगडा पुढे एकोणिसाव्या शतकात उत्क्रांतिवादाने केला.

मग आमच्या चित्रातील अडचण कोणती? मासे सोडले तर पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांना जास्तीत जास्त चार अवयव असतात. पक्ष्याचे पंख हे त्याचे पुढचे पायच असतात. पंखांच्या घोड्याला मात्र चार पाय आणि शिवाय दोन पंख, म्हणजे सहा अवयव झाले. तेव्हा चित्रकाराने एकतर पुढच्या पायांचेच पंख करावेत, नाहीतर आणखी एक खांदा द्यावा. दुसरा मार्ग धरला तर त्या खांद्याला खवाटा, म्हणजे पाठीशी असणारे चपटे हाड, हवा. पंख खाली हाणणारे स्नायूही हवेत. पक्ष्यांत हे स्नायू पाठीवर नसून छातीवर असतात. त्यांना धरून ठेवण्यासाठी छातीच्या हाडाला होडीच्या तळासारखी उभी धार असते. कबुतराच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा या स्नायूंचाच भरतो. आमच्या घोड्याची छाती मात्र टांग्याच्या घोड्याइतकीच होती!

यानंतर आम्ही थोडे गणित केले. घार साधारण 800 ग्रॅम वजनाची असते आणि पसरलेल्या पंखांची रुंदी सुमारे दीड मीटर भरते. तीच घार लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही बाजूंनी 8 पट मोठी केली, तर पंखांचा पसारा 12 मीटर होईल. पंखांचे क्षेत्रफळ 8 × 8 म्हणजे 64 पट होईल. पण वजन? ते घनफळाबरोबर वाढते; 8 × 8 × 8 म्हणजे 512 पट. म्हणजे सुमारे 410 किलोग्रॅम, बरोबर एका घोड्याएवढे! पंखाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर आता 8 पट ओझे आले. ते हवेत पेलायचे तर घारीपेक्षा जवळजवळ पावणेतीन पट वेगाने उडावे लागेल. तिच्या चित्रातील पंख मोजले तर ते जेमतेम 4 मीटर भरत होते.

“म्हणजे तो काढायचाच नाही?” तिने विचारले.

तसे मुळीच नाही. निसर्गानेही अवाढव्य उडते प्राणी घडवले आहेत. अमेरिकेतील टेक्सास राज्यात 1971 मध्ये क्वेट्झलकोॲटलस या प्राचीन उडत्या सरपटणाऱ्या प्राण्याची हाडे सापडली. त्याच्या पंखांचा पसारा 10 मीटरच्या आसपास असावा आणि वजन 200 ते 250 किलोग्रॅम, असा अंदाज आहे. त्याचा पंख हाताच्या एकाच लांबलचक बोटावर ताणलेला होता. चित्रकाराला निसर्गाचे नियम मोडण्याची मुभा आहेच. पण कोणता नियम आपण मोडतो आहोत हे त्याला ठाऊक हवे. चित्र पाहणारा काही गणित करत बसत नाही. मात्र त्याने जन्मभर चालती-पळती जनावरे पाहिलेली असतात. सांधा चुकला की त्याच्या डोळ्याला खटकते. का, ते कदाचित सांगता येत नाही.

आणि पाहणाऱ्याने तो प्राणी कधीच पाहिलेला नसेल तर? याचे एक नामांकित उदाहरण आपल्या गोव्याशी निगडित आहे. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना एक गेंडा भेट दिला होता. तो 1515 च्या जानेवारीत गोव्याहून जहाजाने निघाला आणि मे महिन्यात लिस्बनला पोहोचला. जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे राहणाऱ्या आल्ब्रेख्त ड्यूररने तो कधीच पाहिला नाही. कोणी पाठवलेले वर्णन आणि एक रेखाटन यांवरून त्याने लाकडी ठशाचे चित्र केले. ड्यूररचा हात असा सिद्ध, की चित्र जिवंत वाटते. पण त्यात गेंड्याच्या अंगावर चिलखतासारखे पत्रे आहेत, पायांवर खवले आहेत आणि मानेमागे एक जादा शिंगही आहे! युरोपात पुढे दोनशेहून अधिक वर्षे पुस्तकांतून याच गेंड्याच्या नकला छापल्या जात होत्या. बिचारा खरा गेंडा मात्र पोपकडे नेताना 1516 मध्ये इटलीजवळ जहाजाबरोबर बुडाला.

लिओनार्दो दा विंची याने उलट वाट धरली. काल्पनिक प्राणी खरा वाटावा म्हणून त्याचा प्रत्येक अवयव खऱ्या प्राण्यावरून घ्यावा, असे त्याने आपल्या टिपणांत सांगितले आहे. कुत्र्याचे डोके, मांजराचे डोळे, साळिंदराचे कान, कासवाची मान, असे. तरुणपणी एका ढालीवर अक्राळविक्राळ प्राणी रंगवण्यासाठी त्याने सरडे, साप, टोळ, वटवाघळे खोलीत गोळा केली होती, अशी कथा त्याचा चरित्रकार वासारी याने 1550 मध्ये सांगितली. ढाल आज उपलब्ध नाही. मेलेल्या प्राण्यांची दुर्गंधी सुटली तरी लिओनार्दोला कामाच्या नादात ती जाणवली नाही, हेही वासारीच सांगतो. शेजारणीच्या आईला ही गोष्ट मी अद्याप सांगितलेली नाही.

आता आठवड्याच्या नेमाविषयी. सुट्टीत एकदाच पन्नास घोडे काढून हात बसवता येणार नाही का? हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरे पाठ करण्याचे प्रयोग स्वतःवरच केले आणि त्यांचे निष्कर्ष 1885 मध्ये प्रसिद्ध केले. एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा तेच पाठांतर काही दिवसांवर वाटून दिले तर कमी आवृत्त्या पुरतात, असे त्याला आढळले. हाताच्या कौशल्यांतही असाच अनुभव येतो, हे नंतरच्या प्रयोगांत दिसले. विसरता-विसरता पुन्हा आठवावे लागले की ते पक्के होते. शिवाय सोमवारचा विषय दुसऱ्याने दिलेला असतो. आपल्या मर्जीवर सोडले तर आपण जे चांगले येते तेच पुन्हा पुन्हा काढतो. या मुलीने दोन वर्षे घोड्यांचे खूर नेहमी गवतात लपवले होते! ‘बर्फावरील शर्यत’ हा विषय आला, तेव्हा ती पळवाट बंद झाली आणि एका लग्नाच्या वरातीत नवऱ्याकडे न पाहता ती घोड्याचे पाय रेखाटत उभी राहिली.

पंखांचा घोडा तिने पुन्हा काढला. आधी सांगाडा, त्यावर स्नायू, मग कातडे. पुढच्या पायांच्या खांद्यामागे दुसरा खवाटा आला, छाती खोल झाली, पोट आणि मांड्या सडपातळ झाल्या. पंख इतके लांबले की कागदाला कागद जोडावा लागला. तो खरोखर उडाला असता असे मी म्हणणार नाही, पण आता उधळला तरी पंख पडणार नाहीत.

या सोमवारचा विषय आहे ‘जलपरी’. माशाची शेपटी डावी-उजवीकडे हलते आणि तिचा पर उभा असतो. देवमासा किंवा डॉल्फिन सस्तन असल्यामुळे त्यांची शेपटी वर-खाली हलते आणि तिचा पर आडवा असतो. जलपरी कंबरेपर्यंत माणूस आहे. मग तिचा पर उभा काढायचा की आडवा? तिने बाजारातून एक बांगडा आणून ठेवला आहे आणि सकाळपासून ती जमिनीवर पालथी पडून स्वतःची कंबर कोणत्या बाजूला जास्त वाकते, ते पाहते आहे.