माणसासोबत जंतूही मंगळावर जाणार?

२४ जुलै १९६९ रोजी अपोलो ११ प्रशांत महासागरात उतरले, तेव्हा तिघा अंतराळवीरांशी कोणी हस्तांदोलन केले नाही. विलगीकरणाचे पोशाख चढवून त्यांना हॉर्नेट या युद्धनौकेवरील बंदिस्त वाहनात नेण्यात आले. राष्ट्राध्यक्ष निक्सनही त्यांच्याशी खिडकीच्या काचेआडूनच बोलले. चंद्रावर जंतू असलेच, तर ते पृथ्वीवर पसरू नयेत, यासाठी ही दक्षता होती. चंद्र सोडल्यापासून २१ दिवस मोजून १० ऑगस्टला त्यांची सुटका झाली.

या कडेकोट व्यवस्थेला भगदाड मात्र आरंभीच पडले होते. पोशाख आत देण्यासाठी यानाचे दार भर समुद्रात उघडावे लागले आणि आतल्या हवेला बाहेर वाट मिळाली. बंद यान नौकेवर घेऊन मग ते उघडण्याचा पर्याय होता. तो अंतराळवीरांच्या जिवाला धोकादायक ठरवून नाकारला गेला. चंद्र निर्जीव निघाला म्हणून निभावले. अपोलो १४ नंतर विलगीकरणच थांबवण्यात आले.

मंगळाबाबत धोका दुहेरी आहे. परग्रहांचे घातक दूषण आणि परग्रहीय द्रव्यामुळे पृथ्वीच्या पर्यावरणाला पोहोचणारी बाधा, दोन्ही टाळण्याचे बंधन १९६७ च्या बाह्य अवकाश कराराचे नववे कलम घालते. भारतही या करारात सहभागी आहे. ‘कोस्पार’ ही आंतरराष्ट्रीय समिती त्यासाठीचे निकष ठरवते. जीवसृष्टीचा शोध हा उद्देश नसलेले यान मंगळावर उतरवायचे, तरी त्यावरील बीजाणूंची संख्या ३ लाखांच्या आत ठेवावी लागते. जीवशोधासाठी १९७६ मध्ये उतरलेली व्हायकिंग याने तर उड्डाणापूर्वी ११० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानात सुमारे ३० तास अक्षरशः भाजून काढली होती.

माणसाला असे भाजता येत नाही. त्याच्या शरीरात लक्षावधी कोटी जिवाणू नांदतात, आणि त्यांच्यावाचून त्याचे चालतही नाही. अंतराळपोशाखांतून थोडी हवा झिरपते, निवासाचे दार उघडते-मिटते, मलमूत्र साठते. उद्या मंगळाच्या मातीत एखादा सूक्ष्मजीव सापडला, तर तो तिथला की आपणच नेलेला, हे कोण सांगणार? मानवजातीच्या एका मोठ्या प्रश्नाचा पुरावा माणसाच्या पावलानेच पुसला जाण्याची ही भीती आहे.

बाहेरचे आत येणेही तितकेच अटळ. अपोलो १७ मधील भूवैज्ञानिक हॅरिसन श्मिट यांना पोशाखाला चिकटून आत आलेल्या चांद्रधुळीने परागज्वरासारखा त्रास झाला होता. मंगळाच्या मातीत तर फिनिक्स यानाला २००८ मध्ये परक्लोरेट आढळले. हे क्षार थायरॉइड ग्रंथीच्या कामात अडथळा आणतात.

मानवी मोहीम पूर्णपणे बंदिस्त ठेवणे अशक्य आहे, हे कोस्पारनेही मान्य केले आहे. म्हणून जिथे जीव तग धरू शकेल असे ‘विशेष प्रदेश’ राखून ठेवण्यावर भर आहे. अडचण अशी की, पिण्यासाठी आणि इंधनासाठी माणसाला तिथे हवे आहे पाणी, आणि जीव असण्याची शक्यताही पाण्याजवळच अधिक.