भिंत तीच, आकडे वेगळे

अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सीमेवरच्या भिंतीबद्दल गेली दहा वर्षं दोन ठाम मतं ऐकू येतात. एका मते ती बेकायदा स्थलांतरावरचा रामबाण उपाय आहे, तर दुसऱ्या मते नुसता राजकीय देखावा. वाद मात्र दोन्हीकडे भिंतीभोवतीच फिरतो, जणू किती माणसं येतात याचा निकाल तिच्यावरच लागतो. अमेरिकेच्या सीमा गस्त दलाने, म्हणजे बॉर्डर पेट्रोलने, दक्षिण सीमेवर २०२२ या आर्थिक वर्षात सुमारे २२ लाख वेळा माणसं पकडली. २०२५ या आर्थिक वर्षात हाच आकडा सुमारे २ लाख ३८ हजारांवर आला. मधल्या तीन वर्षांत भिंतीच्या लांबीत नाव घेण्याजोगी भर पडलेली नव्हती. भिंत तीच राहून आकडा नवव्या हिश्श्यावर येत असेल, तर त्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं. भिंतीचं एक मर्यादित काम आहे आणि ते ती बऱ्यापैकी करते. पण आजच्या बेकायदा स्थलांतराचा मोठा भाग त्या कामाच्या कक्षेतच येत नाही. प्रचलित गैरसमज एकेक करून तपासले की हे स्पष्ट होतं.

गैरसमज : भिंत ट्रम्प यांनी बांधली, त्याआधी सीमा उघडी होती.

ही सीमा सुमारे ३,१४५ किलोमीटर लांब आहे आणि तिच्यावर अडसर उभे करण्याचं काम ट्रम्प राजकारणात येण्याच्या कितीतरी आधी सुरू झालं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सॅन दिएगोजवळ जे कुंपण उभं राहिलं, ते लष्कराने मोडीत काढलेल्या सामानातून. हेलिकॉप्टर उतरवण्यासाठी जमिनीवर अंथरायचे लोखंडी पत्रे आडवे लावून जोडले होते. १९९४ मध्ये क्लिंटन सरकारने तिथेच पहारा कडक करणारं ‘ऑपरेशन गेटकीपर’ सुरू केलं. २००६ चा कुंपणाचा कायदा ‘सिक्युअर फेन्स अ‍ॅक्ट’ बुश यांच्या सहीने झाला खरा, पण सिनेटमध्ये त्याच्या बाजूने मत देणाऱ्या ८० जणांत बराक ओबामा, हिलरी क्लिंटन आणि जो बायडन हे तिघेही होते. ट्रम्प २०१७ मध्ये पहिल्यांदा अध्यक्ष झाले तेव्हा सुमारे १,०५० किलोमीटरचा अडसर तयार होता. त्यांच्या पहिल्या कारकिर्दीत सुमारे ७३७ किलोमीटरचं काम झालं. पण त्यातलं बहुतेक जुनी कुंपणं काढून नवी लावण्याचं. जिथे आधी काहीच नव्हतं, तिथे मुख्य भिंत जेमतेम ८० ते ८५ किलोमीटर वाढली. उरलेली सीमा मोकळी राहण्यामागे केवळ विरोधकांचा हट्ट नाही. टेक्सासची अख्खी सीमा रिओ ग्रांदे नदीच्या पात्रातून जाते. काठची जमीन बहुतांश खासगी मालकीची आहे, आणि पुराचं पाणी अडेल असं बांधकाम करायला मेक्सिकोबरोबरच्या १९७० च्या कराराची आडकाठी आहे. त्यामुळे तिथे भिंत नदीपासून आत, अमेरिकी जमिनीवर बांधावी लागते. नदी ओलांडून आलेला माणूस भिंतीपाशी पोहोचतो, तेव्हा त्याने अमेरिकेत पाऊल ठेवलेलं असतं. हा बारकावा पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

गैरसमज : भिंत पूर्णपणे निरुपयोगी आहे.

भिंतीच्या विरोधकांचा हा आवडता दावाही आकड्यांपुढे टिकत नाही. सॅन दिएगो विभागात १९९२ मध्ये साडेपाच लाखांहून अधिक वेळा माणसं पकडली गेली होती. २०१० मध्ये हा आकडा ७० हजारांच्या खाली होता. अ‍ॅरिझोनातल्या युमा विभागात २००५ मध्ये तो १ लाख ३८ हजारांच्या घरात होता आणि चारच वर्षांत १० हजारांखाली गेला. दोन्ही ठिकाणी कुंपणाबरोबर जवानही भरपूर वाढले होते, तेव्हा सगळं श्रेय भिंतीला देता येणार नाही. पण तिचा वाटा नाकारताही येणार नाही. सीमेवरचे अधिकारी स्वतः तिचं काम नेमकेपणाने सांगतात : भिंत वेळ मिळवून देते. शहराला खेटून असलेल्या सीमेवर चोरून आलेला माणूस काही मिनिटांत वस्तीत मिसळतो, तिथे ही मिनिटं मोलाची असतात. वाळवंटात जवळचा रस्ता गाठायलाच दिवस दिवस चालावं लागतं, तिथे त्या मिनिटांना फारशी किंमत उरत नाही. शिवाय भिंत काही अभेद्य नाही. नव्या भिंतीचे खांब पोलादी, चौकोनी आणि आत काँक्रीट भरलेले आहेत, पण ते वरच्या टोकालाच एकमेकांना जोडलेले असतात. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या विजेच्या करवतीने तळाशी कापलं, की तो उंच खांब ढकलून बाजूला सारता येतो. २०१९ ते २०२१ या तीन आर्थिक वर्षांत भिंत ३,२७२ वेळा कापली गेल्याची नोंद सरकारच्याच दप्तरात आहे.

या मर्यादित उपयोगाची किंमतही हिशेबात धरायला हवी. सॅन दिएगोत वाट बंद झाली तसा ओघ अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटाकडे वळला, आणि २००० मध्ये एकट्या टूसॉन विभागात सहा लाखांहून अधिक वेळा माणसं पकडली गेली. वाट वाळवंटातून जाऊ लागली तसे उष्माघाताने आणि तहानेने होणारे मृत्यू वाढले. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने २०२२ मध्ये या सीमेवर ६८६ जण मृत किंवा बेपत्ता झाल्याची नोंद केली आहे. प्रिन्स्टन विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांनी मेक्सिकन स्थलांतरितांच्या दीर्घ अभ्यासातून आणखी एक परिणाम दाखवला. पूर्वी मजूर हंगामापुरते येत आणि कमाई घेऊन गावी परतत. सीमा कडक झाल्यावर पुन्हा येणं महाग आणि जोखमीचं झालं, म्हणून ते परत जाईनासे झाले आणि बायकामुलांनाच बोलावून घेऊ लागले. अमेरिकेत कागदपत्रांविना राहणाऱ्यांची संख्या १९९० मध्ये सुमारे ३५ लाख होती, ती २००७ मध्ये १ कोटी २२ लाखांवर गेली. पहारा सगळ्यात जास्त वाढला तो याच काळात.

गैरसमज : बेकायदा राहणारे सगळे कुंपण ओलांडून, लपूनछपून आलेले असतात.

खरी गल्लत इथे आहे. अनेक जण रीतसर व्हिसा घेऊन विमानाने येतात आणि मुदत संपल्यावर परत जात नाहीत. सेंटर फॉर मायग्रेशन स्टडीज या संस्थेच्या अंदाजानुसार २०१७ च्या सुमारास नव्याने बेकायदा ठरणाऱ्यांत अशांचं प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास होतं. २०२३ या आर्थिक वर्षात मुदत उलटूनही वेळेत न गेलेल्यांची सरकारी नोंद सुमारे ५ लाख ६५ हजारांची आहे. २०१७ नंतरच्या काळात सीमेवरून येणाऱ्यांचं प्रमाण पुन्हा वाढलं हे खरं; पण त्यातले बरेच जण लपत नव्हते, ते गस्तीच्या गाडीची वाट पाहत थांबत होते. अमेरिकेच्या भूमीवर पोहोचलेल्या माणसाला, तो कुठल्याही वाटेने आलेला असो, आश्रयासाठी अर्ज करता येतो अशी तरतूद तिथल्या कायद्यात आहे. मे २०२३ मध्ये सॅन दिएगोजवळ भिंतीच्या दोन रांगांच्या मधल्या पट्ट्यात शेकडो माणसं दिवसेंदिवस बसून होती. स्वयंसेवक खांबांच्या फटीतून पाणी, खाणं आणि चार्ज केलेले फोन आत देत होते. पहिली भिंत या माणसांच्या पाठीमागे होती. पकडलं जावं अशीच ज्याची इच्छा आहे, त्याला आणखी उंच भिंत कशी अडवणार?

भारतीयांचं उदाहरणही हेच सांगतं. २०२४ या आर्थिक वर्षात अमेरिकी यंत्रणांनी आपल्या सीमांवर ९० हजारांहून अधिक वेळा भारतीयांना अडवलं, आणि त्यातली जवळपास निम्मी प्रकरणं कॅनडाच्या सीमेवरची होती. त्या सीमेवर भिंत नाही आणि फारसं कुणी ती मागतही नाही. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकी लष्करी विमानाने अमृतसरला परत पाठवलेल्या १०४ भारतीयांत पंजाब, हरियाणा, गुजरातबरोबर महाराष्ट्रातलेही तिघे होते. ‘डंकी’ची, म्हणजे चोरट्या प्रवासाची, वाट विकणारे दलाल भिंत कुठे आहे ते पाहून दर आणि मार्ग बदलतात, भिंत आहे म्हणून त्यांचा धंदा बंद पडत नाही.

गैरसमज : फेंटानिल हे अमली द्रव्य आणि गुन्हेगारी भिंत नसलेल्या मोकळ्या जागांमधून येते.

जप्त होणाऱ्या फेंटानिलपैकी सुमारे ९० टक्के अधिकृत नाक्यांवर आणि महामार्गांवरच्या तपासणी चौक्यांवर सापडतं. मोकळ्या रानातून जे येतं ते सापडतच नसेल, असा आक्षेप यावर घेतला जातो, आणि तो बिनबुडाचा नाही. पण हे द्रव्य इतकं कमी जागा घेतं की गाडीच्या पोकळीत ते सहज मावतं. डोंगर-वाळवंटातून पाठीवर वाहून आणण्यापेक्षा कायदेशीर ये-जा करू शकणारा नागरिक तस्करांना परवडतो. २०२१ मध्ये फेंटानिलच्या तस्करीत दोषी ठरलेल्यांपैकी ८६ टक्के लोक अमेरिकेचे नागरिक होते. गुन्हेगारीबद्दल म्हणायचं, तर अटकेतल्या प्रत्येकाचा स्थलांतराचा दर्जा तपासणाऱ्या टेक्सास राज्याच्या नोंदींवर २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हिंसक गुन्ह्यांसाठी अटक होण्याचं प्रमाण जन्माने अमेरिकी असलेल्यांत कागदपत्रांविना राहणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक आढळलं.

गैरसमज : २०२५ मधली घट हे भिंतीचं यश आहे.

सगळ्यात वजनदार आक्षेप हाच, म्हणून त्याचा घटनाक्रम तपासायला हवा. डिसेंबर २०२३ या एका महिन्यात सीमेवर सुमारे अडीच लाखांची विक्रमी पकड झाली. जानेवारीत मेक्सिकोने आपल्या हद्दीत रेल्वे आणि रस्त्यांवर स्थलांतरितांना अडवायला सुरुवात केली आणि आकडा निम्म्यावर आला. जून २०२४ मध्ये बायडन यांनी बेकायदा येणाऱ्यांसाठी आश्रयाचे नियम आवळले. वर्षअखेरीस आकडा ४७ हजारांच्या आसपास होता. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी आश्रयाची वाट जवळपास बंदच केली आणि सीमेवर लष्कर वाढवलं; फेब्रुवारीत आकडा दहा हजारांखाली गेला. भिंतीसाठी ४६.५ अब्ज डॉलरची तरतूद करणारा कायदा झाला जुलै २०२५ मध्ये, घट होऊन गेल्यावर. म्हणजे ट्रम्प यांच्या धोरणाने आकडे खाली आणले हे मान्य करायलाच हवं. पण ते काम आश्रयाचा दरवाजा बंद करण्याने आणि त्याआधी मेक्सिकोच्या मदतीने झालं. छळापासून पळून आलेल्यालाही अर्ज करू न देणं योग्य आहे का, हा खरा वादाचा मुद्दा. भिंतीच्या गजरात तो ऐकू येत नाही.

मग देशाने आपली सीमा राखूच नये का? जरूर राखावी. दाट वस्तीला लागून असलेल्या पट्ट्यात अडसर असावा, हे बहुतेक जाणकारांना मान्य असतं. प्रश्न पुढच्या प्रत्येक डॉलरचा आहे. प्यू रिसर्च सेंटरच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये अमेरिकेत सुमारे १ कोटी ४० लाख लोक पूर्ण कायदेशीर दर्जाविना राहत होते, आणि त्यातल्या सुमारे ६० लाखांना कुठलं ना कुठलं तात्पुरतं संरक्षण होतं. २०२५ च्या सुरुवातीला स्थलांतर न्यायालयांत ३० लाखांहून अधिक खटले तुंबले होते आणि न्यायाधीश होते ७०० च्या आसपास. निकालाला वर्षानुवर्षं लागतात, म्हणून कच्चा दावा घेऊन येणाऱ्यालाही तोवर राहायला मिळतं आणि पक्का दावा असलेला मात्र टांगणीला लागतो. जाणूनबुजून कागदपत्रांविना मजूर ठेवणं १९८६ पासून बेकायदा आहे, पण त्यासाठी मालकांवर खटले क्वचितच होतात. न्यायाधीश वाढवणं, मालकांना जाब विचारणं, हंगामी मजुरांना कायदेशीर परवाने देणं, या कामांचं उद्घाटन फीत कापून करता येत नाही. पण बेकायदा स्थलांतर कमी करायचं असो की स्थलांतरितांना न्याय द्यायचा असो, दोन्ही पक्षांना हात याच कामांना घालावा लागेल.